दहावीतली लेकरं, उद्याचे मतदार

संत्र्याचे कलम आपण दहादा पारखून घेतो. मग उमेदवार कसा पारखावा, हे लेकरांना कोण शिकवणार? मोर्शी तालुका अमरावती जिल्ह्यात, पण लोकसभेला मोर्शी मतदारसंघाचे मत वर्ध्यात मोजले जाते. मुलांना विचारून पाहा, किती जणांना ठाऊक आहे!

रात्री जेवणे आटोपली की सांगा. मत देण्यास वय १८ पुरे. विधानसभेला उभे राहण्यास २५ हवे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक, अपक्षाला १०. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. पराभूताला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत, तर ती जप्त.

२०१९ साली मोर्शीत तेव्हाचे कृषिमंत्री अनिल बोंडे यांना देवेंद्र भुयार यांनी हरवले. मंत्र्याचे मत एक, सालदाराचेही एकच.

वयाची १७ वर्षे पूर्ण होताच नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. उद्या सासरी जाणार म्हणून लेकीचे नाव टाळू नका. लग्नानंतर ते तिकडच्या यादीत नेता येते. मत मात्र तिचे आजपासूनचे आहे.