व्हीलुकअप येतं? मग एसक्यूएल दूर नाही

अकाउंट्समध्ये वर्षं काढलीत आणि आता आयटीत यायचंय? शून्यापासून सुरुवात करावी लागेल, ही भीती आधी सोडा. एक्सेलमधलं व्हीलुकअप जे करतं, जवळपास तेच एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत जॉइन करतो. पिव्हट टेबलच्या जागी ग्रुप बाय. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर ही भाषा उभी आहे.

सरावासाठी एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो. क्लासची फी भरण्याआधी त्यात काल्पनिक नोंदी भरा (कंपनीचा खरा डेटा अजिबात नको!) आणि खरेदी रजिस्टर जीएसटीआर-२बीशी एका क्वेरीत जुळवून पाहा. बिल का जुळत नाही, हे ओळखणारी नजर तुम्ही वर्षानुवर्षं कमावलेली आहे. मुलाखतीत हाच प्रोजेक्ट दाखवा.