परके वाद्य, आपले गाणे

परक्या वाद्यांची संगत लागली, की देशी संगीताचे सत्त्व जाते, असे मत वारंवार कानी येते. वस्तुतः ज्या पेटीच्या साथीवर आपले नाट्यसंगीत वाढले, ती पेटीदेखील युरोपातूनच आली. मग संगीत आपले ठरते ते कशाने? याचे उत्तर आम्हांस आमच्या गोमंतकात सापडते.

पोर्तुगीज अमदानीत चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. तथापि, मातीच्या मडक्यावर चामडे ताणून केलेले घुमट मागे पडले नाही. देवळातील आरतीला ते वाजत राहिले. आणि एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या 'मांडो' या कोंकणी गीतप्रकारात तेच घुमट व्हायोलिनच्या शेजारी येऊन बसले.

पुढे पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेले गोमंतकीय वादक हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसू लागले. मडगावचे क्रिस पेरी (१९२८–२००२) त्यांच्यापैकीच. ते ट्रम्पेट वाजवीत. जॅझ व लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीत यांच्या तालांवर त्यांनी कोंकणी गीते बांधली आणि लोर्ना यांनी ती गाइली. त्यांतील 'बेबदो', म्हणजे दारुडा, हे गीत प्रसिद्धच आहे. त्याची चाल पावलांना नाचावयास लावते. विषय मात्र अनेक घरांना पोळणारा.

असे अन्यत्रही घडले आहे. जमैकातील वादकांनी १९६० च्या सुमारास आपले लोकसंगीत आणि अमेरिकन जॅझ यांच्या मिलाफातून 'स्का' हा प्रकार घडविला. त्यातूनच 'रेगे' निघाले. १९८० नंतर पोलंडमध्ये सरकारी नियंत्रणाचा काच सोसणाऱ्या तरुणांनी 'पंक' या राकट संगीतात हे जमैकाचे ताल मिसळले. यारोचिन गावच्या महोत्सवात ती गाणी ऐकावयास हजारो तरुण जमत. पुढे काही वृंदांनी त्यांत खेड्यांतील लोकचालीही आणल्या. ताल दूरदेशीचा, पण शब्द पोलिश आणि गाऱ्हाणेही तेथलेच.

या उदाहरणांवरून दिसते ते असे, की वाद्य आणि ताल उसने घेता येतात. बोली आणि तिच्यातील सुखदुःख मात्र घरचेच असावे लागते. ते हरपले, तर शुद्ध देशी वाद्यांनीही गाणे आपले होणार नाही.

इंदुरात आपल्या मुलांच्या कानांवर घराबाहेर अष्टौप्रहर हिंदी पडते. त्यांनी गिटार अवश्य शिकावी. परंतु आजीच्या चार ओव्या प्रथम वहीत उतरून घ्याव्यात आणि मग त्या गिटारीवर वाजवून पाहाव्यात. गिटार बाजारात केव्हाही मिळेल. त्या ओव्या सांगणारी आजी मात्र पुन्हा मिळणार नाही.