जोडीनं बेळगावला जाताना तिकिटाचा हिशेब

मैत्रिणींनो, रहिमतपूरहून जोडीनं बेळगावला पाव्हण्यांकडे निघालात, तर हे ऐकून ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागलच्या पुढं कोगनोळीला कर्नाटक लागतं. तिथून पुढचं भाडं पूर्ण. त्यामुळं कंडक्टरनं निम्म्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर भांडू नका. कर्नाटकच्या साध्या गाडीत बायकांना फुकट आहे, हे खरं. पण ती शक्ती योजना तिथल्याच रहिवाशांसाठी, आपलं आधार तिथं चालत नाही. मालकांचं वय ६५ ते ७५ असेल तर एसटीत त्यांनाही अर्धं, ७५ पूर्ण झाल्यावर हद्दीपर्यंत फुकट. वयाच्या सवलतीला वयाचं ओळखपत्र दाखवावं लागतं. ते पिशवीच्या तळाशी ठेवू नका.