धरणावरचा रॉड समुद्रावर नेताना

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांत हल्ली एखादा रॉड हमखास दिसतो. पानशेत, मुळशी किंवा पवनेच्या पाण्यात रोहू-चिलापी धरायला घेतलेला, सहा-सात फुटी. त्याला २५०० किंवा ३००० नंबरचं रीळ आणि रिळावर आठ-दहा पौंडी तंगूस. हे समुद्रावर चालेल का, असं दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सॉल्टवॉटरचा वेगळा सेट घ्या. दुकानदाराला ते म्हणावंच लागतं. इकडे मालवणकडची गरवणारी माणसं मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून, रॉडबिड काही न घेता, जेटीवरून रात्रीच्या कालवणापुरते मासे काढून घरी जातात.

माझं मत विचाराल तर धरणावरचा रॉड खुशाल न्यावा. फक्त जागा आणि मासा बघून न्यावा, आणि परतल्यावर अंगात आळस ठेवू नये.

आधी रॉडच्या मुठीच्या वरचा बारीक मजकूर वाचा. तिथे किती वजन फेकायचं ते छापलेलं असतं. धरणावरच्या रॉडवर बहुधा १० ते ३० ग्रॅम. उघड्या किनाऱ्यावर लाटांत आमिष जागेवर ठेवायचं तर ६० ते १०० ग्रॅमचं शिसं लागतं, आणि ते या रॉडने जोर लावून फेकलं की रॉडचा तुकडा हातात राहतो. तेव्हा लाटांच्या पलीकडे फेकण्याची हौस दहा-बारा फुटी रॉडवाल्यांना करू द्या. आपली जागा खाडी, जेटी आणि शांत पुळण.

पुळणीवर या हलक्या सामानाचा खरा धनी म्हणजे मुडदुशी. मुंबईकडे हिलाच रेणवी म्हणतात. वीतभर मासा, तोंड बारीक, वाळूच्या तळाशी किनाऱ्याजवळ चरणारा. लहान गळ, त्याला कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि पाचदहा ग्रॅम शिसं एवढं पुरे. तिची टकटक जाड समुद्री रॉडला कळतही नाही. धरणावरच्या रॉडच्या टोकाला लगेच कळते. कणकेचा गोळा मात्र घरीच ठेवा, पहिल्याच लाटेत तो विरघळतो.

खाडीत गोष्ट बदलते. कांदळवनाच्या मुळांशी आणि जेटीच्या खांबांशी तांबोशी आणि चोणक (रायगडात जिताडा) दबा धरून असतात. मासा लागला की तो पहिला खांबाकडे पळतो आणि खांबावर कालवं असतात. कालवांच्या धारेवर तंगूस घासली की संपलं. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कडही पात्यासारखी असते, तिनेही दोरी तुटते. यावर उपाय स्वस्त आहे. रिळावरची तंगूस काढून २० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, भरा. ती दहा पौंडी तंगुसापेक्षा बारीक असते, त्यामुळे छोट्या रिळावरही भरपूर बसते. तिच्या पुढे ३० ते ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा दोन-तीन फूट लीडर बांधा. मोठा चोणक तरीही तुमचं रीळ रिकामं करून जाईल, पण मधल्या मापाचा मासा हाताशी येतो.

पाणीही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीची ओढ इतकी असते की हलकं शिसं तळाला टिकतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी मंद असतं, आपल्या सामानाला तेच बरं. उधाणाला मासा जास्त फिरतो म्हणतात, फिरू दे. भरतीच्या वेळेसाठी जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. मुंबई-रायगडला हा अंदाज पुरतो, मालवणकडे भरती त्याआधीच येते.

आता मीठ. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, क्षार रिळात बसतात आणि हवेतली ओल ओढत राहतात. सगळ्यात आधी मरते ती बेलवरची छोटी चाकी, जिच्यावरून दोरी वळते. ओली दोरी तिच्यावरूनच येते, त्यामुळे मीठही तिथेच. पुढच्या शनिवारी ती फिरत नाही, दोरी एकाच जागी घासते आणि भर झटापटीत तुटते. रिळाची बॉडी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू पोलादाचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम झिजून स्क्रूभोवती पांढरी पूड दिसू लागते. तो स्क्रू पुढे सुटत नाही.

म्हणून रीळ त्याच संध्याकाळी, लॉजच्या बाथरूममध्ये का होईना, धुवायचं. आधी ड्रॅग घट्ट आवळा, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांत शिरत नाही. मग मगाने हळू पाणी सोडा. जोरात फवारा मारला किंवा बादलीत बुडवलं तर बाहेरचं मीठ आत जातं. फडक्याने पुसा, ड्रॅग सैल करा, सावलीत वाळवा आणि चाकीला तेलाचा एक थेंब द्या. रॉडच्या कड्यांच्या पायाशीही मीठ साचतं, तिथे बोट फिरवून धुवा. टेलिस्कोपिक रॉड असेल तर मागचं बूच उघडून प्रत्येक नळी वेगळी धुवावी लागते, कारण वाळूचा एक कण सांध्यात राहिला की नळ्या अडकून बसतात. वापरलेले गळ कोऱ्या गळांच्या डबीत परत टाकू नका. एका ओल्या गळापायी सगळी डबी गंजते.

काही गोष्टी सामानापेक्षा महत्त्वाच्या. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, त्याला पक्कडीने सोडवा. पोट फुगवणारा केंड कितीही गुबगुबीत दिसला तरी खायचा नाही. शेवाळ धरलेल्या ओल्या खडकावर उभं राहायचं नाही, आणि पावसाळ्यात खडकावर जायचंच नाही.

खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी लीडर आणि कथील चढवलेले गळ, मग ब्रेड, मग सीलबंद रीळ. रॉड सगळ्यात शेवटी, तोही आधीचा मोडला तरच.