पदवी एक, वाटा अनेक

बी.एस्सी. केमिस्ट्री झाले, पुढे काय? निकाल लागले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तरही बहुधा ठरलेले असते : बी.एड. कर, नाही तर स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर. दोन्ही मार्ग चांगलेच आहेत. मात्र या पदवीला आणखीही वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेला वेगळ्या स्वभावाचे माणूस लागते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याच्या हळदीपासूनच सुरुवात करू. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. हळदीतील कर्क्युमिन साबणातल्या अल्कलीने रंग बदलते. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो या घातक रंगाची भेसळ आहे काय, हे पाहताना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात. आम्ल पडताच शुद्ध हळदीलाही लालसर-जांभळा रंग येतो. पाणी घातल्यावर तो गेला तर हळद चोख. टिकून राहिला तर भेसळ. उतावळा तपासनीस पहिला रंग पाहूनच प्रामाणिक माणसाला दोषी ठरवील! अन्नपदार्थ तपासणाऱ्याला म्हणून धीर हवा.

साखर कारखान्यातील केमिस्टचे काम निराळे. गळीत हंगामात दिवस-रात्र पाळ्या असतात. गरम रस आम्लधर्मी राहिला तर त्यातील साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, म्हणजे पोत्यात येणारी साखर मळीत जाते. तेथे अंगात काटकपणा, झटपट निर्णय आणि कामगारांशी मिळून-मिसळून वागणे हवे. या क्षेत्राचे पुढील शिक्षण पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळते.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नियमितपणाला मोल आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांचे दात डागाळतात, हाडे दुखावतात. फ्लोराइडसाठी नमुना काचेच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यावा लागतो. कोणत्या विहिरीचा, कोणत्या तारखेचा, हे बाटलीवर नसेल तर सारी मेहनत वाया.

न्यायसहायक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे आहेत. व्हिसेरा, रक्ताचे डाग, विष यांची तपासणी तेथे होते. येथील माणसाला कोर्टात उलटतपासणीला उभे राहावे लागते. जेवढे दिसले तेवढेच सांगणारी, वकिलाच्या प्रश्नांनी न डगमगणारी जीभ हवी.

संशोधनाकडे जायचे तर एम.एस्सी. करून नेट किंवा गेटची तयारी करावी लागते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून उभी आहे. पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. दहा प्रयोग फसल्यावर अकरावा मांडण्याची चिकाटी आणि इंग्रजी शोधनिबंध वाचण्याची सवय, हे येथील भांडवल. औंढा तालुक्यात दुधाळा येथील लायगो प्रकल्पाला 2023 साली केंद्राची मंजुरी मिळाली. त्याच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी राखायची आहे. तेथे धातूवर राहिलेला तेलाचा पातळ थरही वाफ सोडून ती पोकळी बिघडवतो. रसायनशास्त्र कोठे कामी येईल, हे असे सांगता येत नाही.

शिक्षकाला अवघड गोष्ट घरातल्या लिंबा-हळदीने दाखवता आली पाहिजे; औषध कंपनीच्या प्रतिनिधीला फिरण्याचा कंटाळा नको आणि बोलण्यात गोडवा हवा.

स्वभाव असे वेगवेगळे असले तरी एक गुण सगळीकडे लागतो आणि तो कॉलेजातच घडतो किंवा बिघडतो. ब्युरेटचे रीडिंग जुळले नाही की शेजाऱ्याच्या जर्नलमधला आकडा उतरवायचा, ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मार्क मिळतात, पण हात खोटा होतो. उसाचा भाव साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. तेथे खोटा आकडा शेतकऱ्याच्या घामाचे पैसे खातो. पाण्याच्या अहवालात तो लेकरांचे दात खातो. कोर्टाच्या अहवालात तो निरपराध्याला तुरुंगात धाडतो किंवा अन्याय करणाऱ्याला मोकळा सोडतो. अशा वेळी सर्वांत जास्त सोसावे लागते ते गरिबालाच.

तेव्हा पालकांनो, मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका पाहाच, पण एकदा तिची प्रयोगवहीही मागा. त्यात एखादा न जुळलेला आकडा जसाच्या तसा लिहिलेला दिसला तर रागावू नका, पाठ थोपटा. ज्या वाटेने ते लेकरू जाईल, तेथे लोक त्याच्या सहीवर विश्वास ठेवतील.