झाडं कोणतं पंचांग पाहतात?

फेब्रुवारी सरत आला की वर्तमानपत्रात दोन बातम्या हमखास शेजारी शेजारी येतात. एकीत केशरी पळसाचं छायाचित्र असतं, खाली ‘वसंताची चाहूल’. दुसरीत पारा चढल्याची आणि टँकरच्या मागणीची खबर असते. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला या दोन्ही बातम्या एकदम वाचल्या की एक प्रश्न पडतोच, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. पाऊस अजून तीन-साडेतीन महिने लांब, विहिरी खाली गेलेल्या, वाऱ्यात ओल नाही. मग बांधावरच्या करंजाला आणि पारावरच्या पिंपळाला ही लुसलुशीत पालवी फुटते ती कुठल्या पाण्यावर? आणि आता फुटायचं, हे झाडाला सांगतं कोण?

वसंताची जी गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते ती थंड मुलखातली आहे. तिथं बर्फ वितळतं, गोठलेलं पाणी मुळांना मिळू लागतं, ऊब येते आणि झाड जागं होतं. सगळं सोयीचं झाल्यावर येणारा तो वसंत आहे. आपला तसा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या दोन तालुक्यांत वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पावसाळा संपला की माती महिनोन्‌महिने वाळत जाते, आणि हवा जेव्हा सगळ्यात जास्त पाणी ओढत असते त्या मार्च-एप्रिलमध्ये झाडं नवी पानं काढतात. स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्चर्ट या तिघांनी २००६ साली आशियातल्या मोसमी जंगलांवर एक शोधनिबंध लिहिला. कोरड्या ऋतूतल्या पालवीचं हे कोडंच त्याचा विषय होता.

कोड्याचा पाण्याचा भाग बोर्चर्ट यांनी आधीच बराचसा सोडवला होता. मध्य अमेरिकेतल्या कोरड्या जंगलांत वर्षानुवर्षं काम करून त्यांनी दाखवलं की पानगळ ही झाडाची पाण्याची सोय आहे. जुनी पानं असेपर्यंत पाणी सतत वर ओढलं जातं आणि हवेत जातं. पानं गळली की तो खर्च थांबतो. उपसा बंद ठेवलेल्या विहिरीला हळूहळू पाणी चढावं, तसं खोडातलं पाणी पुन्हा भरत येतं. खोल गेलेली मुळं जे थोडंफार मिळवतात ते आता साठू लागतं. निष्पर्ण काटेसावरीवर आणि पांगाऱ्यावर भर उन्हात टपोरी फुलं येतात ती या साठवणीच्या जोरावर. बाहेरून मेल्यासारखं दिसणारं झाड त्या दिवसांत आतून भरलेलं असतं, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

पण पाणी साठलं म्हणजे पालवी कधी फोडायची हे ठरलं असं नाही. एकाच जातीची झाडं, एक ओढ्याकाठी आणि दुसरं मुरमाड माळावर, थोड्याच दिवसांच्या अंतरानं एकत्र पालवतात. वर्ष पावसाचं असो की दुष्काळाचं, तारीख फारशी हलत नाही. म्हणजे इशारा मातीतून येत नसणार. २००२ साली बोर्चर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिका, अर्जेंटिना, जावा आणि थायलंड इथली निरीक्षणं एकत्र मांडली आणि निष्कर्ष काढला की अनेक झाडांत हा इशारा दिवस मोठा होण्याचा असतो. पाऊस नसतानाही, आणि दिवस अर्ध्या तासापेक्षाही कमी वाढलेला असताना.

अर्धा तास! बारामती १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. मार्चमध्ये दिवस रोज मिनिटभरानं वाढतो. हा फरक आपल्याला जाणवतही नाही, आणि झाड त्याच्यावर विसंबून पुढची सगळी मांडामांड करतं.

ज्याच्या घरी ऊस आहे त्याला यावर विश्वास ठेवायला जड जाऊ नये. उसाला तुरा का येतो? पावसाळा सरता सरता दिवस उतरत साडेबारा तासांच्या आसपास आला की वाढलेल्या उसाच्या शेंड्यात फुलोऱ्याची तयारी सुरू होते आणि पुढे दिवाळीच्या सुमारास तुरे दिसू लागतात. रात्रीचं तापमान आणि जमिनीतला ओलावा यांचाही त्यात हात असतो, पण मुख्य हिशेब उजेडाचाच. जे पीक नीरेच्या कालव्यावर बारा महिने पाणी पितं ते घड्याळ सूर्याचं पाहतं. मग बांधावरचा करंजही तेच पाहत असेल तर नवल कसलं?

आणि इतक्या लवकर पालवायची घाई कशाला? एक उत्तर दक्षिणेतल्या मुदुमलाईच्या जंगलातून आलं. के. एस. मुरली आणि आर. सुकुमार यांनी १९९३ साली दाखवलं की कोरड्या दिवसांत लवकर पालवलेल्या झाडांची पानं किडींनी कमी खाल्ली आणि पावसाच्या तोंडावर पालवलेल्यांची जास्त. पाऊस आला की अळ्यांचे दिवस सुरू होतात, तोवर ज्याचं पान जून झालं तो वाचला. शिवाय पहिल्या सरीला पान तयार असेल तर पावसाळ्यातला एकही दिवस वाया जात नाही.

आता हे सगळं मराठी महिन्यांत बसवायला गेलं की पंचाईत होते. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पळस फुलतो फाल्गुनात, म्हणजे कागदोपत्री शिशिरात. गुढीपाडवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठंही येऊ शकतो. हा चांद्र महिन्यांचा स्वभावच आहे, आणि अधिक मास घालून तो आवरता येतो. खरा घोटाळा सौर गणितात आहे. सूर्यसिद्धान्ताचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठं. साठ वर्षांत एक दिवस, चौदाशे वर्षांत २३ दिवस. म्हणून आपण तिळगूळ वाटतो तोवर सूर्याला उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटून गेलेले असतात.

हे दुरुस्त करायला स्वतंत्र भारतानं ज्या माणसाला बोलावलं त्याचं नाव या संदर्भात फार कमी घेतलं जातं. मेघनाद साहा. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान सांगणारं समीकरण त्यांनी १९२० साली दिलं, आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते तेवढ्यापुरतेच माहीत असतात. पण १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. सदस्यांत पुण्याहून ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी होते. देशात तेव्हा तीसच्या आसपास पंचांगं चालू होती. साहांनी ती मागवली, जुने ग्रंथ तपासले आणि साधी गोष्ट धरून बसले: दिनदर्शिका ऋतूंशी बांधलेली हवी, नाहीतर हजार-दोन हजार वर्षांनी सणांचा आणि शेतीचा मेळ उरणार नाही. समितीचा अहवाल १९५५ साली आला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी साहा गेले. त्यानंतर वर्षभरानं, २२ मार्च १९५७ रोजी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली: १ चैत्र, शके १८७९. तिचा चैत्र दर वर्षी वसंतसंपाताला लागूनच, २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षात २१ मार्चला. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ती तारीख अजून येते आणि तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पण दिवस-रात्र समान होऊन दिवस वरचढ होऊ लागण्याच्या त्याच सुमाराला करंज पालवतो. आपण साहांचं ऐकलं नाही. बांधावरच्या झाडांची मोजणी मात्र त्यांच्या दिनदर्शिकेशी जुळते.

पक्षीही उजेड मोजतात, हे सिद्ध करणारा प्रयोग तर विजेच्या दिव्यांवर झाला. कॅनडात एडमंटन इथं विल्यम रोवन यांनी १९२४ च्या हिवाळ्यात जुंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. थंडी तिथली, रक्त गोठवणारी. तरीही ऐन हिवाळ्यात त्या पक्ष्यांची प्रजननेंद्रियं वसंतातल्यासारखी वाढली. ऊब नको, अन्न जास्त नको, फक्त उजेड पुरला. ‘नेचर’मध्ये हे १९२५ साली प्रसिद्ध झालं. भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर हिवाळा काढणारे पट्टकादंब मार्चमध्ये अस्वस्थ होतात आणि हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे निघतात, त्यामागेही वाढत्या दिवसाचा हाच इशारा काम करत असतो. शाळूवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांना गोफण घेऊन हाकलणाऱ्याला त्या कधी एकदा जातील असं होतं. त्याही जाता जाता पळसावर उतरतात, मध पितात आणि मध्य आशियाची वाट धरतात.

त्या मधाची एक गंमत सांगायलाच हवी. पळसावर मैना, कावळे, बुलबुल अशी जत्रा भरते आणि हे सगळे परागीभवन करत असतील असं वाटतं. राजेश टंडन, के. आर. शिवन्ना आणि एच. वाय. मोहन राम यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारकाईनं पाहिलं. सात जातींचे पक्षी येत होते. त्यांतला खरा उपयोगाचा एकच, जांभळा शिंजीर. आणि त्याच्या जोडीला खार! बाकीचे पाहुणे नुसते मध पिऊन जाणारे.

कोकिळेबद्दलही थोडं. ती वसंतात येते असं म्हणतात, पण ती कुठं गेलेलीच नसते. हिवाळाभर याच झाडांत गप्प बसलेला काळा नर मार्चमध्ये गाऊ लागतो, कारण कावळ्यांचा घरटी बांधायचा हंगाम जवळ येतो. त्या घरट्यांवरच तर कोकिळेचा संसार उभा असतो.

मात्र प्रत्येक सुंदर गोष्ट वसंताच्या खात्यावर मांडू नये. रोहित पक्ष्यांची छायाचित्रं याच दिवसांत गाजतात, पण ते किती आणि कुठं उतरतील हे मुख्यतः यशवंतसागराची, म्हणजे उजनी धरणाच्या जलाशयाची, पातळी ठरवते. पाणी उतरून गाळाचे उथळ पट्टे उघडे पडले की त्यांना चरायला जागा होते. म्हणजे इथं घड्याळ उजनीच्या आवर्तनाचं आहे. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं तेही त्याच घड्याळावर.

आंब्याचं आणखी वेगळं. मोहोराला उजेडाचं फारसं पडलेलं नसतं, त्याला रात्रीची थंडी लागते. काडी पक्व असेल आणि रात्री पुरेशा गार राहिल्या तर मोहोर, नाहीतर त्याच डोळ्यातून पालवी. म्हणून ‘हवामान बदलामुळे वसंत लवकर आला’ अशी सरसकट बातमी वाचली की मी थबकतो. कोणता वसंत? रात्री उबदार झाल्या तर आंब्याचं वेळापत्रक बिघडेल. दिवसाची लांबी मात्र पृथ्वीच्या कलत्या आसाने ठरते, तिला कर्बवायूचा स्पर्श होत नाही. जे आजवर एकापाठोपाठ एक घडत आलं, त्यातलं काही सरकेल आणि काही जागीच राहील. मोहोर, मधमाशी, पालवी आणि अळी यांची एकमेकांशी चुकामूक होऊ लागेल, आणि काळजी करायची ती याची.

हे पाहायला नोंदी लागतात, आणि त्या लिहिणं अवघड नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोकचे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्यानं ते काम १९५८ पर्यंत चालवलं. क्योटोत चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून सापडतात, म्हणून २०२१ चा २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा हे ठामपणे सांगता आलं. आपल्याकडे ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. केरळमधली शाळकरी मुलं त्यात हिरिरीनं भाग घेतात. बारामती-इंदापुरात उसाचं रोजचं गाळप आणि उतारा लिहिला जातो, द्राक्षाच्या छाटणीची तारीख बागाईतदार वर्षानुवर्षं जपतो. त्याच वहीत चार रकाने वाढवायचे: आंब्याचा पहिला मोहोर, पळसाचं पहिलं फूल, करंजाची पहिली पालवी, कुंभारगावला दिसलेला शेवटचा पट्टकादंब. झाड तेच, जागा तीच, दर आठवड्याला एक नजर. माझा अंदाज असा की वीस वर्षांत मोहोराच्या रकान्यातल्या तारखा बऱ्याच मागेपुढे झालेल्या दिसतील, करंजाच्या रकान्यातल्या फार थोड्या. हा अंदाज खोटा ठरला तर झाडाच्या उजेड मोजण्याबद्दल आपल्याला आज माहीत नसलेलं काहीतरी त्या वहीतून कळेल.