न्हाणीमागचा टमाटा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा-तळोदा पट्ट्यात जुन्या घरांच्या न्हाणीचं पाणी जिथे मुरतं, तिथे टमाट्याचं एखादं झाड बहुधा असतंच. ते कुणी लावलेलं नसतं. खरकट्यातून बी वाहून जातं, पावसाळा सरता सरता उगवतं आणि थंडीभर अळूच्या पानांशेजारी कुंपणावर रेलून फळं देत राहतं. फळ लहान, चपटं, देठाकडे खाचा पडलेलं. साल इतकी पातळ की पिशवीत तळाशी गेलं तर घरी येईपर्यंत त्याचा रस्सा झालेला असतो. आंबट मात्र असं, की दोन फळांत घरभराची डाळ निघते. आठवडे बाजारात डोंगराकडच्या बायका हेच टमाटे वाटे लावून विकायला बसतात. पलीकडच्या गाड्यावर लांबट, टणक, एका मापाचे संकरित टमाटे क्रेटमध्ये रचलेले असतात. ते सुरतेला जाऊन परत आले तरी त्यांना ओरखडा उठायचा नाही.

असं झाड मागच्या दारी असताना जुन्या वाणाचं बी म्हणून आपण परदेशी पाकिटं मागवतो, हे मला कळत नाही. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल हे अमेरिकेतले जुने वाण आता घरपोच मिळतात. पाकिटावरचं जांभळट, मांसल फळ बघून मोह होतो, हे खरं. चेरोकी पर्पलची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९९० साली टेनेसीतल्या एका गृहस्थाने क्रेग लहुलियर या टमाटावेड्या माणसाला टपालाने थोडं बी पाठवलं. त्याने ते लावून पाहिलं, वाणाला नाव दिलं, बी पुढे वाटलं आणि वाण टिकला. पण तो तिथल्या हवेत टिकला. मोठ्या फळाच्या या जातींना लावणीनंतर पहिलं फळ पिकायलाच तीन महिने लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरात लावलं तर जानेवारी उजाडतो. झाड जरा कुठे रंगात येतं, तोवर होळी आणि ऊन दोन्ही दारात येतात.

नंदुरबारात टमाट्याचा सगळा खेळ रात्रीच्या गारव्यावर आहे. या झाडाचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, अँडीज पर्वताच्या आसपासचं. तिथून ते मेक्सिकोत गेलं, तिथून युरोपात आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलं. दिवसाचं ऊन त्याला चालतं, रात्रही तापलेली राहिली की चालत नाही. रात्रीचा पारा एकवीस-बावीस अंशांच्या खाली उतरेनासा झाला की पराग नीट तयार होत नाही आणि फूल फळ न धरताच गळतं. एप्रिलमध्ये झाडाखाली वाकून पाहिलं तर पिवळी फुलं देठासकट पडलेली दिसतात. देठाच्या मध्यावर एक बारीक गाठ असते, बरोबर तिथूनच तुटलेली. लोक म्हणतात, खत कमी पडलं, आणि वाटीभर युरिया टाकतात. झाड हिरवंगार होतं, माजतं, आणि फुलं गळायची ती गळतच राहतात. लहान फळाच्या जाती उन्हात मोठ्या फळवाल्यांपेक्षा जास्त दिवस तग धरतात, आणि आपला गावरान टमाटा त्यांच्यातलाच आहे.

म्हणून तारखा सांभाळायच्या. गणपती बसले की बी टाकावं आणि घट बसले की रोपं लावावीत. मधे सव्वीस-सत्तावीस दिवस जातात आणि रोप लावणीला तेवढंच वय लागतं. (अधिक अश्विन आला तर मात्र पंचांग बाजूला ठेवावं.) या हिशेबाने भर थंडीत पहिली फळं लाल होतात आणि होळीपर्यंत तोडणी चालते. हे तापीकाठच्या सपाटीचं गणित झालं. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या डाब गावाकडे थंडीत दव गोठतं, तिथे झाडाला पाल्याचं पांघरूण घालावं लागतं.

आषाढ-श्रावणात घाई करून बी टाकणाऱ्यांची रोपं चुरडा-मुरड्याने जातात. त्या दिवसांत भोवताली कापूस आणि मिरची उभी असते आणि दोन्हींवर पांढरी माशी. ती रोपाच्या कोवळ्या पानाखाली बसली की विषाणू सोडूनच उठते. पुढे पानं वाटीसारखी वर वळतात, शेंडा आखडतो आणि झाड फूटभर उंचीवर खुंटतं. यावर औषध नाही, झाड उपटायचंच. गणपतीत टाकलेल्या बियालाही हा धोका असतो, म्हणून गादीवाफ्यावर जाळी लागते. घरातली जुनी मच्छरदाणी त्यासाठी पुरत नाही, पांढरी माशी तिच्या छिद्रांतून आरामात आत जाते. चाळीस मेशची जाळी आणावी आणि कडा मातीत दाबाव्यात. आणखी एक पथ्य विनोदी वाटेल, पण खरं आहे: तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवू नये. तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टमाट्यावर येऊ शकतो, आणि हात साबणाने धुवायला काही पैसे पडत नाहीत.

लावणी संध्याकाळी करावी. खालची दोन-तीन पानं खुडून रोप खोडासकट खोल पुरावं, कारण टमाट्याच्या खोडावरच्या बारीक गाठींतून मुळं फुटतात. काळ्या जमिनीत मात्र खड्डा करून नव्हे, वरंब्यावर लावायचं. ही जमीन पाणी धरून बसते आणि मुळांना गुदमरवते. आधाराला गेल्या वर्षीच्या तुराट्या चालतात, बांबू असेल तर उत्तमच. बगलफूट किती काढायची यावर मोबाइलवर फार उपदेश मिळतो. थंड देशांतले लोक झाड एका खोडावर आणून अगदी उघडं करतात, तिथे ऊनच कमी. इथे तसं केलं तर फेब्रुवारीअखेर फळांच्या खांद्यांवर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात. जमिनीला टेकणारी पानं आणि अगदी खालची बगलफूट तेवढी काढावी, वरची सावली राहू द्यावी.

खरी कसोटी पाण्याची. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की कुणीतरी सांगतं, कॅल्शियम कमी आहे, चुना टाका. काळ्या जमिनीत कॅल्शियमला काय तोटा? आपल्या मातीत हात घातला तर चुनखडीचे खडे लागतात. ते कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं आणि पाणी कधी महापूर, कधी दुष्काळ असं मिळालं तर पोचत नाही. जमीन भेगाळेपर्यंत तहानलेली ठेवून मग नळी सोडून दिली की बुड काळं पडतं आणि वरची सालही तडकते. वाफसा टिकेल इतकंच आणि नेमाने पाणी द्यावं, तेही बुंध्याशी. पानं भिजली की करपा आलाच. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलं की निम्मं काम होतं, आणि शहाद्याच्या भागात पाचटाला तोटा नाही. लोक ते पेटवून देतात, त्याआधी चार भारे मागून आणावेत.

किडींवर फार लिहीत नाही. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू लावावा. तिची मादी अंडी घालायला झेंडूच्या कळ्यांकडे ओढली जाते, म्हणून झेंडू टमाट्याच्या आधी लावून दोन्ही एकदम फुलावर आणायचे. पानं पोखरणारी अळी ही २०१४ सालची पाहुणी. टुटा नावाची ती कीड भारतात पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रातच सापडली. चट्टे पडलेली पानं खुडून नष्ट करणं आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारणं परसबागेला पुरतं.

आता फुलाकडे जरा थांबून बघू. टमाट्याचं फूल खाली मान घालून लोंबतं. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या, मधे परागकोशांची एकमेकांना चिकटलेली निमुळती नळी आणि तिच्या आत स्त्रीकेसर. परागकोश उकलतात तेही आतल्या बाजूने, मिठाच्या डबीसारखे टोकाकडून सांडतात. सकाळी दहाच्या सुमाराला काळा भुंगा येतो, फुलाला सगळ्या पायांनी कवटाळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते आणि पिवळी धूळ त्याच्या पोटावर पडते. घरच्या मधमाशीला ही थरथर साधत नाही. भुंगा नसेल तर काठीने आधाराच्या तारेवर टिचकी मारावी, वाऱ्यानेही काम होतं. मुद्दा असा, की बहुतेक फुलांत पराग बाहेर न जाता त्याच फुलात पडतो. म्हणूनच टमाट्याचं बी घरी धरणं सोपं: भोपळ्या-काकडीसारखी सरमिसळ इथे होत नाही. काही जुन्या, मोठ्या फळांच्या जातींत स्त्रीकेसराचं टोक नळीबाहेर डोकावतं. त्यांच्यात थोडा संकर होतो, तेव्हा दोन वाण काही अंतर राखून लावावेत.

न्हाणीमागचं प्रत्येक झाड जुन्या वाणाचंच असेल असंही नाही. खरकट्यात संकरित टमाट्याचं बीही जातं. ते ओळखायला एकाच फळाच्या बियांपासून सात-आठ झाडं वाढवावीत. सगळ्यांची फळं एकसारखी आली तर वाण स्थिर आहे. एकाची गोल, दुसऱ्याची लांबट, तिसऱ्याची पिवळट निघाली तर ती बाजारातल्या संकराची पोरं. ती फेकून द्यायचीच असं नाही. आवडलेल्या झाडाचं बी सहा-सात पिढ्या धरत गेलं की तीही ताळ्यावर येतात. स्थिर वाण तयार हवा असेल तर राहुरी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं.

बी कोणत्या फळाचं धरायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं. चांगली फळं आपण खातो, पाहुण्यांना देतो आणि एप्रिलात वाळत चाललेल्या झाडावर उरलेलं एखादं फळ बियाला ठेवतो. म्हणजे सगळ्यात उशिरा फळलेल्या, सगळ्यात थकलेल्या झाडाची निवड आपण दरसाल करतो आणि पाच वर्षांनी म्हणतो, गावरान बियात दम राहिला नाही. दुसरे काही जण ढिगातून सगळ्यात मोठं फळ उचलतात, मग ते झाड रोगट का असेना. आमच्या गल्लीतली मोठी माय वाल आणि टमाटे दोन्हींचं बी धरते. तिला मी एकदा माझं टपोरं फळ दाखवायला नेलं, तर ते हातातही न घेता म्हणाली, “झाड देख भाऊ, फय काय देखस?” तिच्या वाफ्यात डिसेंबरातच दोन-तीन झाडांना लाल चिंधी बांधलेली असते. भोवती चुरडा-मुरडा असताना ज्याचा शेंडा सरळ राहिला, ज्याला फळ आधी लागलं, ज्याची पानं फळं झाकतात, अशी ती झाडं. त्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले टमाटे घरातलं कुणी तोडत नाही, नातवंडंसुद्धा नाहीत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियांचं असंच जतन केल्याबद्दल. आपल्या धडगावकडे बायफ संस्थेने मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांचं काम केलं आहे. मक्याचं निवडक कणीस सोलून चुलीवरच्या आढ्याला टांगलं की धुराने कीड लागत नाही. टमाट्याचं बी रसात असतं, त्याला थोडी खटपट लागते.

फळ झाडावरच मऊ होईपर्यंत पिकू द्यावं. आडवं चिरून गर काचेच्या पेल्यात पिळावा, अर्धा पेला पाणी घालून वर फडकं बांधावं आणि सावलीत ठेवावं. प्रत्येक बीभोवती एक बुळबुळीत पडदा असतो. ओल्या फळातच बी उगवू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. दोन दिवसांत वर पांढुरकी साय धरते, आंबूस वास सुटतो आणि घरातले कुरकुर करतात. तिसऱ्या दिवशी ढवळलं की भरलेलं बी खट्कन तळाशी बसतं, पोचट बी आणि गर वर तरंगतो. वरचं ओतून टाकायचं, तीन-चार पाण्यांनी धुवायचं. बोटाला आता बुळबुळ लागत नाही, वाळूसारखी कचकच लागते. यापेक्षा जास्त ठेवलं तर पेल्यातच मोड येतात.

वाळवायला कागद घेऊ नये, बी चिकटतं. थाळीत पसरून सावलीत वाळवावं आणि अधूनमधून हाताने सुटं करावं. सुकल्यावर बियांवर बारीक चंदेरी लव दिसू लागते. मोठी माय ते चाळलेल्या राखेत कालवून बाटलीत भरते. मी कागदी पाकिटात घालून डब्यात ठेवतो आणि वर वाण, साल, झाडाची खूण लिहितो. कोरडं राहिलं तर चार-पाच वर्षं बी उगवतं.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, झाडं उपटून होतात. बाटल्या शेजारीपाजारी, माहेरवाशिणींच्या पिशव्यांत जातात. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. ब्रँडचं लेबल लावून मात्र संरक्षित वाणाचं बी विकता येत नाही. गणपतीत बी टाकण्याआधी उगवण पाहायला श्रावणात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवाव्यात. आठवड्याभरात सात-आठांना मोड आले तर नेहमीसारखं टाकावं, चार-पाचांनाच आले तर दुप्पट टाकावं.